उन्हात वाळवलेला लगदा

हिंगोली वेगळा जिल्हा व्हायला अजून आठ वर्षं होती, तेव्हा कमलबाई खिल्लारे पहिल्यांदा तिथल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिरल्या. साल एक्क्याण्णव. नवरा भीमराज तिथंच शिपाई होता. त्यानं कावीळ अंगावर काढली आणि पंधरा दिवसांत गेला. मागं कमलबाई आणि चार वर्षांची सपना. नवऱ्याच्या जागी घेऊ, असं कॉलेजनं सांगितलं आणि घेतलंही, पण रोजंदारीवर. 'जागा मंजूर झाली की कायम करू' हे वाक्य पुढं त्यांनी तीन प्राचार्यांच्या तोंडून ऐकलं. माणसं बदलत गेली, वाक्याला मात्र कुणी हात लावला नाही.

काम काचसामान धुण्याचं. पण कमलबाईंसारखं धुणारं दुसरं कुणी त्या कॉलेजात नव्हतं, हे त्यांच्यावर डाफरणारेही मान्य करत. त्यांचं माहेर सेनगाव तालुक्यातलं साखरा. कोरडवाहू गाव. तिथं उन्हाळाभर बायकांचे हात वाळवणात असायचे. गवारीच्या शेंगा, सांडगे, मिरच्या, मेथी, जे म्हणून टिकवायचं ते आधी खडखडीत वाळवायचं, मग डब्यात भरायचं, आणि लागेल तेव्हा पाण्यात भिजवून चुलीवर चढवायचं. ओलं काही झाकून ठेवलं की आई पाठीत धपाटा घालायची. ही सवय कमलबाईंच्या हाडीमाशी खिळली होती. प्रयोगशाळेतली एकही परीक्षानळी त्यांनी कधी ओली कपाटात ठेवली नाही.

अक्षरं त्या उशिरा शिकल्या. वस्तीत साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा सहीपुरतं आलं, पुढचं सपनानं शाळेतून येऊन शिकवलं. बाटल्यांवरच्या इंग्रजी चिठ्ठ्या त्या आकारावरून ओळखत. लिहायची वेळ मात्र कधी आलीच नाही. प्रयोगाच्या वहीत लिहायचं ते शिकलेल्यांनी.

दोन हजार दोन साली निता राठोड तिथं शिकवायला आल्या. आखाडा बाळापूरच्या पलीकडच्या तांड्यावरची ही पोर. तिच्या पणजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं, वडील गुलाबसिंग शेती करायचे, आणि ही एम.एस्सी. होऊन पीएच.डी.च्या मागं लागलेली. पहिल्याच आठवड्यात तिनं कमलबाईंना मावशी म्हणायला सुरुवात केली. कमलबाईंनी मात्र तिला शेवटपर्यंत मॅडमच म्हटलं.

मॅडमचा विषय ऐकून कमलबाईंना आधी हसू आलं. लाकडातून साखर काढायची.

"लाकडात साखर असती तर गाई-म्हशींनी जंगल ठेवलं असतं का, मॅडम?"

"वाळवी खाते की नाही लाकूड?"

"खाते."

"तिला त्यात काहीतरी सापडतं म्हणूनच खाते ना, मावशी. लाकूड म्हणजे साखरेच्याच साखळ्या. त्या तोडणारा रस एका बुरशीपासून काढतात, तो मी बाटलीत मागवलाय. पण लाकूड त्याला आत येऊ देत नाही. दार लावून बसतं. आधी ते दार उघडावं लागतं."

दार उघडायचं ते चुन्यानं. लाकडाचा बारीक भुसा चुन्याच्या पाण्यात कालवायचा, मोठ्या कुकरमध्ये तासन् तास शिजवायचा, आणि मग धुवायचा. लिटमसच्या कागदाचा रंग बदलेनासा होईपर्यंत, पंधरा-वीस पाण्यांनी. हे कमलबाईंना लगेच पटलं. कयाधू नदीच्या डोहात अंबाडीच्या पेंढ्या त्यांनी लहानपणी भिजत घातल्या होत्या. भिजवल्याशिवाय सालीतून वाख सुटत नाही, तसंच हे. धुण्याचं काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं, आणि नंतर त्यात मॅडमलाही हात घालू देईनात.

लाकूड सुबाभळीचं. गुलाबसिंगांनी आपल्या बांधावरचं एकच झाड तोडलं, आरा मशीनवर त्याचा भुसा करून घेतला आणि तीन पोती एसटीच्या टपावर टाकून स्वतः घेऊन आले. झाड एकच पाहिजे, असं लेकीनं निक्षून सांगितलं होतं. झाड बदललं तर आकडे बदलतील. पोती उतरवून म्हाताऱ्यानं प्रयोगशाळेच्या दारातच चपला काढल्या आणि आत न येता विचारलं, "झाडाचं नाव खराब न्हाई ना होणार, बाई?" कमलबाई म्हणाल्या, "न्हाई होऊ देनार."

दोन हजार चारचा पावसाळा मॅडमला फळला. त्या दिवसांत दोघी सकाळी लगदा धुवायच्या आणि दुपारीच तो रसात टाकायच्या. पाण्याच्या कोमट टबात बाटल्या तीन दिवस हलत राहायच्या. मग वरच्या पाण्यात एक पिवळं औषध घालून ते उकळायचं. साखर जितकी जास्त तितका रंग गडद. साधा भुसा घातलेल्या नळीत रंग जेमतेम बदलायचा. चुन्यात शिजवलेल्याची नळी पानातल्या कातासारखी गडद लालसर तपकिरी व्हायची. शंभरातली साठ साखर सुटली, असं मॅडमनं सांगितलं तेव्हा कमलबाईंना आकड्याचं काही वाटलं नाही, पण तो रंग पाहून त्यांना आपल्या हातांचा अभिमान वाटला. विद्यापीठातले मार्गदर्शक सर खूश झाले. म्हणाले, आता हेच पुन्हा करून दाखवा, चार वेळा, म्हणजे झालं.

पुन्हा करायला सवड मिळाली ती पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये. तोवर भारनियमनानं जिल्ह्याचा जीव मेटाकुटीला आणला होता. आठ-आठ, दहा-दहा तास वीज नाही. मॅडम पेपर तपासायला कधी नांदेडला, कधी आणखी कुठं. शनिवारी लगदा धुवायचा आणि सोमवारी मॅडम आल्या की वापरायचा, असा क्रम पडला. पहिल्याच खेपेला फ्रिज बंद पडून लगद्यावर काळी बुरशी चढली. तो फेकून देतानाचा मॅडमचा चेहरा कमलबाईंच्या मनातून गेला नाही. दोन पोती तर केव्हाच संपली होती.

मग कमलबाईंनी साखऱ्याच्या बाईनं जे केलं असतं तेच केलं. धुतलेला लगदा घट्ट पिळला, गच्चीवर जुन्या लुगड्याचा धुवट तुकडा अंथरला आणि त्यावर पसरला. मार्चचं ऊन. संध्याकाळपर्यंत खडखडीत. सोमवारी सकाळी मॅडम यायच्या आत पाण्यात भिजवला, पिळला, हाताला पहिल्यासारखी ओल लागली तेव्हा बरणीत भरून ठेवला. ना वास, ना बुरशी. मॅडमनं ओल मोजली, ती बरोबर भरली. वहीत लिहिलं: धुऊन ठेवले.

हे सांगायला हवं होतं, असं आज कुणीही म्हणेल. पण वाळवून टिकवायचं आणि भिजवून वापरायचं, यात सांगण्यासारखं काही असतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. गवारीची शेंग भिजवल्यावर पुन्हा शेंगच होते.

नळीतला रंग मात्र फिका आला. साठाच्या जागी चौतीस. मॅडमनं रसाची बाटली नवी मागवली. पुन्हा पस्तीस. चुना बदलला. तेहतीस. टबाचं तापमान तपासलं, वजनकाटा तपासून घेतला. चौथ्यांदाही तेच. मे महिन्यात त्या विद्यापीठात जाऊन आल्या आणि प्रयोगशाळेतल्या स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसून राहिल्या. कमलबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही.

"सर म्हणाले, पावसाळ्यातले आकडे निघाले होते, का तुम्ही लिहिले होते?"

कमलबाईंना आधी अर्थच लागला नाही. मग लागला.

"खोटं लिवलं म्हणतेत?"

"तसं सरळ म्हणाले नाहीत. जूनअखेरपर्यंत साठ दाखवा म्हणाले, नाहीतर नोंदणी रद्द करायला लिहितो." निता मॅडम खाली बघत होत्या. "रस तोच, चुना तोच, झाड तेच. मावशी, माझंच काहीतरी चुकून राहिलं, पण काय ते कळून नाही राहिलं. भुसा फक्त दोन खेपांपुरता उरलाय. बाबाला मी काय सांगू?"

तांड्यावरची पहिली पोर इथवर आलेली आणि तिच्यावर खोटेपणाचा शिक्का बसायच्या बेतात. पण कमलबाईंना टोचत होतं ते तेवढंच नव्हतं. 'तोच, तोच, तेच' ऐकताना त्यांच्या तळव्यांना काहीतरी आठवलं होतं.

पावसाळ्यातला लगदा कसा पिळावा लागायचा! कितीही पिळा, पाणी सोडायचा नाही. भिजलेल्या गोधडीसारखा आत धरून बसायचा. आणि वाळवून भिजवलेला? तो मुठीत घेतला की पाणी भळकन निघून जायचं. हे त्यांना पहिल्याच सोमवारी जाणवलं होतं. पिळायला सोपा गेला म्हणून बरंच वाटलं होतं.

त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. कारण त्याच आठवड्यात कचेरीतल्या कारकुनानं त्यांना बोलावून सांगितलं होतं की रोजंदारीवरच्या लोकांना कायम करण्याचा प्रस्ताव खरोखरच चाललाय, यादीत पहिलं नाव तुमचं आहे, आणि पंधरा जूनपर्यंत कामात कसूर नसल्याचा शेरा तेवढा लागेल. चौदा वर्षं. एका शेऱ्याचं अंतर. आणि आता आपण होऊन जाऊन सांगायचं की तीन महिने मीच लाकूड बिघडवत होते?

कमलबाई घाबरल्या होत्या. हे त्यांनी पुढं सपनाजवळ कबूल केलं. दोन दिवस त्या मॅडमच्या नजरेला नजर देईनात, आणि घरी सपनानं काय झालं विचारलं तर तिच्यावरच खेकसल्या. मनाला समजावत राहिल्या की आपला संशय खोटा असेल, लाकडाचं एवढं थोडंच असतं, मॅडम एवढ्या शिकलेल्या, त्यांना कळलं नसतं का? पण तळवे ऐकेनात.

तिसऱ्या दिवशी नवी खेप धुतली. मॅडम परीक्षेच्या कामावर होत्या. कमलबाईंनी लगद्याचे दोन सारखे भाग केले. एक गच्चीवर नेला. दुसरा बरणीत भरला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि माठाच्या सावलीत ठेवला. फडकं सुकू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वाळलेला भिजवला. तो उजव्या मुठीत आणि न वाळवलेला डाव्या मुठीत घेतला आणि दोन्ही एकदम आवळले. उजव्या मुठीतून पाण्याची धार लागली. डाव्या मुठीतून चार थेंब. त्यांनी तीन वेळा करून पाहिलं. तीनही वेळा तेच झालं.

मॅडम आल्या तेव्हा टेबलावर दोन बश्या होत्या.

"हे दोनी एकाच पाण्यातले हायेत," कमलबाई म्हणाल्या. "ह्यो मी गच्चीवर वाळवला आन पुन्हा भिजवला. मार्चपासून समदा असाच दिला तुमाला. ह्यो दुसरा वाळवला न्हाई. हातात घेऊन बघा."

निता मॅडमनं हातात घेऊन पाहिलं. बोलल्या तेव्हा आवाज चढलेला होता.

"तीन महिने, मावशी! तीन महिने मी स्वतःला खात होते. एक शब्द काहून नाही सांगितला?"

"वाळवलं म्हंजी बिघडतं, हे ठावं नव्हतं मॅडम. आन कोणी इचारलंबी न्हाई."

"मी विचारायचं?"

"व्हय," कमलबाई म्हणाल्या. "म्या सांगाया पायजे व्हतं, आन तुमीबी इचाराया पायजे व्हतं."

हे ऐकून मॅडम तडक बाहेर निघून गेल्या. अर्ध्या तासानं परत आल्या, डोळे धुतलेले होते. दोन्ही लगदे त्यांनी वेगवेगळ्या बाटल्यांत घातले आणि टब सुरू केला. वीज जाईल तेव्हा टब कोमट ठेवायला कमलबाई स्टोव्हवर पाणी तापवत होत्या. तीन दिवसांत दोघींत कामापुरतंच बोलणं झालं.

चौथ्या दिवशी दोन नळ्या उकळल्या. एक पानातल्या कातासारखी झाली. दुसरी पातळ चहासारखी. आकडे निघाले एकसष्ट आणि चौतीस.

मग मॅडम सांगत गेल्या, कमलबाईंना आणि बहुधा स्वतःलाही. चुन्यानं लाकडात बारीक बारीक भोकं पडतात, रस त्यांतूनच आत शिरतो. लगदा वाळला की ती भोकं मिटतात आणि त्यांच्या भिंती एकमेकींना चिकटतात. मग वरून कितीही पाणी घाला, ती पहिल्यासारखी उघडत नाहीत. असं होतं हे त्यांनी कुठंतरी वाचलंही होतं. पण आपला लगदा वाळलाय, हेच माहीत नव्हतं.

वही उघडून त्या लिहायला बसल्या आणि थांबल्या.

"मावशी, मी लिहिते की लगदा मीच वाळवला. चुकून. तुमचा प्रस्ताव चाललाय, शेरा लागायचा आहे. तुमचं नाव यात यायची गरज नाही."

कमलबाईंनी हात पदराला पुसले. मन मोहात पडलं नाही असं नाही. सपनाला घेऊन पेढे वाटत फिरणं क्षणभर त्यांच्या डोळ्यांपुढं आलं. मग त्यांनी विचारलं, "तुमी त्या शनवारी नांदेडला व्हत्या. हजेरीत हाये. त्या सरानं ते काढलं तर?"

मॅडमनं पेनाचं टोपण लावलं.

"एकदा खोटं म्हणले तुमाला, ते खोटं व्हतं. आता खरंच खोटं लिवता काहून? आना ती वही."

त्या प्रयोगशाळेत चौदा वर्षं काढून कमलबाई पहिल्यांदा स्टुलावर बसल्या. पेन धरायला वेळ लागला. चार ओळींना पाव तास लागला असेल, आणि तेवढा वेळ पीएच.डी. करणारी बाई शेजारी उभी होती.

'हा लगदा मी गच्चीवर उन्हात वाळवला. मंग पाण्यात भिजवून मॅडमला दिला. मॅडमला ठावं नव्हतं. कमलबाई भीमराज खिल्लारे.'

खाली तारीख मॅडमनं घातली.

शेवटची खेप दोघींनी मिळून केली, लगदा एक क्षणही कोरडा न होऊ देता. साठ आले. सरांनी आकडे पाहिले, ते पान वाचलं आणि आपला शब्द मागं घेतला. इतकंच नाही, वाळवण्यानं काय होतं यावर एक वेगळं प्रकरणच लिही म्हणाले. मोठा माणूस होता, असं म्हणायला हरकत नाही. फक्त त्यांनी एक केलं. झाल्या प्रकाराचा खुलासा म्हणून कॉलेजला पत्र पाठवलं आणि सोबत त्या पानाची झेरॉक्स जोडली.

प्राचार्यांनी लाकडाचं काही वाचलं नाही, सही तेवढी वाचली. शेरा लागला: संशोधनकार्यात परस्पर हस्तक्षेप. पंधरा जूनला यादी गेली, तिच्यात कमलबाई नव्हत्या. निता मॅडम दोनदा केबिनमध्ये जाऊन भांडल्या. दुसऱ्यांदा बाहेर आल्या तेव्हा प्रयोगशाळेच्या दारात थांबल्या. कमलबाई बरण्या धूत होत्या. म्हणाल्या, "राहू द्या मॅडम." त्या दिवशी घरी जाऊन मात्र त्या भीमराजच्या फोटोपुढं खूप रडल्या. पोरीसाठी गप्प राहिले असते तर कुणी नावं ठेवली नसती, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. पश्चात्ताप झाला का, असं सपनानं एकदा विचारलं तेव्हा त्यांनी खरं ते सांगितलं: झाला, पुष्कळदा झाला.

दोन हजार सात साली निता राठोड डॉक्टर झाल्या. पुढच्या वर्षी कमलबाईंचे गुडघे गेले आणि त्यांनी काम सोडलं, रोजंदारीवर लागल्या होत्या तशाच रोजंदारीवरून. निरोपाचा समारंभ कायम लोकांचा असतो, त्यामुळे तो झाला नाही.

त्यानंतर एका रविवारी डॉक्टर मॅडम वस्तीत आल्या. सोबत गुलाबसिंगही होते, हातात बांधावरच्या नव्या सुबाभळीचं रोप घेऊन. मॅडमनं काळ्या जाड पुठ्ठ्याचं एक पुस्तक कमलबाईंच्या हातात दिलं. सगळं इंग्रजी. कमलबाईंनी मानानं पानं उलटली. आकडे होते, आलेख होते, त्यातलं काही कळायचं कारण नव्हतं. शेवटाजवळ एक पान आलं आणि बोट थांबलं. त्यांच्याच अक्षरात, जसंच्या तसं. अडीचशे पानांत त्यांना वाचता येत होतं असं ते एकच पान, आणि त्याच पानानं त्यांची नोकरी नेली होती. त्यांनी बोट फिरवत ते मोठ्यानं वाचलं, सहीपर्यंत.

पाहुणे आले म्हणून शेजारच्या पारुबाई डोकावल्या. "काय लिवलंय यात, कमळे?"

"माझी चूक लिवलीय," कमलबाई म्हणाल्या. "मीच लिवलीय."

मग त्यांनी पुस्तक सपनाकडं दिलं, हात धुतले आणि चहाचं आधण ठेवलं.